आत्याच्या भूमिकेच्या प्रकल्प नोंदी

१० जानेवारी

आज आमच्या हौशी गटाच्या नव्या विनोदी नाटकाचे पहिले वाचन झाले. नाटक दोन अंकी आहे, संहिता गटातल्याच एका सभासदाने लिहिलेली आहे आणि माझ्याकडे आत्याची भूमिका आली आहे. घरातल्या कर्त्या माणसाने पैसे उसने घेतले आहेत, ते परत मागायला गृहस्थ येतील या धास्तीने तो स्वतःच्याच घरात कपाटात लपून बसतो आणि सगळे घर त्याच्यासाठी खोटे बोलू लागते, असा एकूण मामला आहे. आत्या ही त्याची बहीण आणि त्या घरातली एकमेव व्यक्ती, जिने आयुष्यात कधी खोटे सांगितलेले नाही. घडी अशी येते की नेमका तिलाच फोन उचलावा लागतो.

माझी एकसष्ट वाक्ये आहेत. याआधी मी दोन गंभीर नाटकांत काम केले होते. तिथे प्रेक्षकांची शांतता मिळाली की काम जमले असे समजता येत होते. इथे प्रेक्षकांकडून आवाज यावा लागतो, आणि तोही ठरलेल्या जागी. त्यामुळे या वेळी तालमींच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवायच्या असे मी ठरवले आहे. आमचे प्रयोग फक्त दोन होणार आहेत. व्यावसायिक नटाला पहिल्या दहा प्रयोगांत जे उमगते, ते आम्हाला तालमीतच शोधून ठेवावे लागते.

वाचनाला एक तास बत्तीस मिनिटे लागली. फोनच्या प्रवेशाला सगळे मनापासून हसले. संहिता प्रथमच कानावर पडत असताना आलेला तो हशा होता, तो माझ्या कामाला मिळालेला नाही, हे इथे लिहून ठेवते.

१४ जानेवारी

दिग्दर्शकांनी आज एकच प्रश्न विचारला आणि त्यावर आमचा पाऊण तास गेला. आपण विनोदी आहोत हे आत्याला माहीत आहे का?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे दोन प्रकार सांगितले आहेत. नट स्वतः हसतो तेव्हा ते आत्मस्थ हास्य आणि दुसऱ्याला हसवतो तेव्हा ते परस्थ. आमच्या चर्चेला या भेदाचा फार उपयोग झाला, कारण आत्याची भूमिका संपूर्णपणे परस्थ आहे. तिच्यापुढे आलेले प्रसंग तिच्यासाठी खरोखरच कठीण आहेत. भावाची अब्रू आणि स्वतःचा नेम यांतले एक काहीतरी तिला सोडायचे आहे. ती अडचण मला जितकी खरी वाटेल तितकी प्रेक्षकाला गंमत वाटेल, आणि मला जर त्यात गंमत वाटू लागली तर प्रेक्षकाच्या वाट्याला काहीच उरणार नाही.

त्याच ग्रंथात हसण्याच्या सहा पायऱ्या आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. अतिहसितापर्यंत पोचता पोचता डोळ्यांत पाणी येते आणि आवाज कर्कश होतो. मी नाटकातल्या प्रत्येक पात्राच्या हसण्याच्या जागा संहितेत खुणावून पाहिल्या. कपाटातला भाऊ विहसितापासून अपहसितापर्यंत जातो, त्याची बायको सारखी उपहसितात असते. आत्याच्या एकसष्ट वाक्यांत मात्र हसण्याची सूचना एकाही ठिकाणी नाही. आम्ही ठरवले की आत्या अख्ख्या नाटकात हसणार नाही. शेवटच्या पडद्याआधी, भाऊ स्वतःहून कपाटाबाहेर येऊन कबुली देतो तेव्हा, फक्त एकदा स्मित करील. त्या एका स्मितासाठी दीड तास चेहरा राखून ठेवायचा, हे काम मला फार आवडले आहे.

२२ जानेवारी

उभ्या तालमी सुरू झाल्या. कपाट प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, फोनचे टेबल उजवीकडे आणि बाहेरचा दरवाजा मागे मधोमध, अशी नेपथ्याची मांडणी ठरली. टेबल आधी विंगेला अगदी लागून होते, ते दोन फूट आत घेतले, कारण पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या माणसाला मी पाठमोरी दिसत होते. बाकी हालचाली मुकाट्याने लिहून घेतल्या.

२९ जानेवारी

आज फक्त फोनचा प्रवेश केला. आत्या रंगमंचावर एकटी असते, पलीकडचा गृहस्थ ऐकू येत नाही आणि प्रवेश जवळजवळ चार मिनिटे चालतो.

संहितेत पलीकडच्या माणसाच्या बोलण्याच्या जागी केवळ टिंबे छापलेली आहेत. पहिल्या खेपेला मी प्रत्येक टिंबांच्या जागी सारखाच थांबा घेतला आणि सगळा प्रवेश पाठ केलेल्या धड्यासारखा वाटला. ऐकणारी बाई खरोखर ऐकत नव्हती, आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. मग घरी बसून मी त्या गृहस्थांची सगळी वाक्ये लिहून काढली. ते कसे बोलत असतील, कुठे नम्र होत असतील, कुठे त्यांचा संयम सुटत असेल, हे ठरवताना लक्षात आले की तो प्रवेश खरे तर त्यांचा आहे. ते प्रश्न विचारतात, आत्या केवळ उत्तरे देते. आजच्या तालमीत एका सहकाऱ्याने विंगेतून ती वाक्ये मोठ्याने म्हटली आणि मी ती ऐकून उत्तरे दिली. असे सहा वेळा केले. सातव्या वेळी ते गप्प राहिले आणि मी मनातल्या मनात ऐकत गेले. थांबे आता लहानमोठे झाले आहेत. एके ठिकाणी गृहस्थ वाक्य अर्धे टाकून गप्प होतात असे मी ठरवले आहे, तिथे आत्या ‘हॅलो?’ म्हणते. हा शब्द संहितेत नव्हता. लेखकाने तो आनंदाने मान्य केला.

प्रवेशाचा मुख्य भाग असा आहे. भावाने बजावलेले असते की फोन आला तर घरात कोणी नाही असे सांग.

‘घरात कोणी नाही.’
(‘मग आपण कोण बोलताय?’)
‘मी? मीही नाही.’

आत्या हे का म्हणते, हे मला नीट समजून घ्यायचे होते. ती भोळी आहे म्हणून म्हणते, असे गटातल्या काहींचे मत आहे; मला ते पटत नाही. ही तिच्या आयुष्यातली पहिली थाप आहे, आणि आजवर खरे बोलताना तिने जो काटेकोरपणा पाळला तोच ती थाप मारतानाही पाळते. घरात कोणी नाही असे एकदा सांगितल्यावर, त्या विधानाला स्वतःचा अपवाद करणे तिच्या नेमात बसत नाही. वाक्याला हे कारण मिळाल्यावर ते म्हणताना माझा आवाज आपोआप गंभीर झाला.

दोन तांत्रिक गोष्टी नोंदवते. रिसीव्हर प्रेक्षकांपासून दूर असलेल्या हातात, म्हणजे मागच्या कानाला धरायचा आणि बोलायचे टोक हनुवटीच्या खाली ठेवायचे. नाहीतर अर्धा चेहरा आणि सगळे ओठ झाकले जातात. आणि वायर टेबलाच्या मागून न्यायची, कारण माझा पाय दोनदा अडकला.

५ फेब्रुवारी

आज प्रयोगाच्या सभागृहात तालीम मिळाली आणि एका प्रत्ययाने पूर्ण संध्याकाळ घेतली.

आमच्या सभागृहात आम्ही माइक वापरत नाही. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या, म्हणजे नट वाक्य विसरला तर ते हळूच सांगणाऱ्या ताई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या आणि मी ‘मीही नाही’ म्हटले. त्यांना ‘मी नाही’ ऐकू आले. पुन्हा म्हटले, पुन्हा तेच. दोष त्यांच्या कानाचा नाही, वाक्यातच आहे. ‘मीही’ या शब्दात दोन दीर्घ ईकार शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये फक्त ‘ह’, जो निव्वळ श्वास आहे. दहा हातांवर तो स्पष्ट ऐकू येतो, वीस रांगा ओलांडताना विरून जातो आणि दोन ईकार एकमेकांत मिसळतात. मागच्या रांगेला मग आत्या फक्त ‘मी नाही’ म्हणते, ज्यात विनोद उरत नाही, कारण सगळा विनोद त्या ‘ही’मध्ये आहे.

‘मीपण नाही’ म्हणून पाहिले. ते ऐकू आले, पण ‘पण’ला ‘परंतु’चाही अर्थ चिकटलेला असल्यामुळे ऐकणारा क्षणभर अडखळतो, आणि हशाच्या ऐन आधी प्रेक्षकाला एक क्षणही विचार करायला लावणे परवडत नाही. शिवाय आत्याची भाषा जरा शिस्तीची आहे. शेवटी ‘मीसुद्धा नाही’ वर आलो. ‘द्ध’शी जीभ क्षणभर अडते आणि तिथून ‘धा’ मोकळा सुटतो. शेवटच्या रांगेत शब्द अख्खा पोचला. लेखकाला आधी ‘मीही’चा तोकडेपणा हवा होता आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण लहान वाक्य जास्त अनपेक्षित वाटते. त्यांना शेवटच्या रांगेत बसवून दोन्ही ऐकवले, तेव्हा त्यांनी स्वतःच संहितेत दुरुस्ती केली.

मग थांब्याचा प्रश्न आला. थांबा ‘मी?’च्या आधी घ्यायचा की नंतर? आधी घेतला तर आत्या प्रश्नाने गोंधळली असे दिसते. नंतर घेतला तर तिने प्रश्न समजून घेऊन, स्वतःच्या असण्याबद्दल प्रामाणिकपणे विचार करून निर्णय दिला असे दिसते. थांबा नंतरच घ्यायचा. तो किती लांबीचा, हे अंक मोजून ठरवायचे नाही. डोळे रिसीव्हरवरून उठून स्वतःच्या हातापर्यंत येतात आणि परत जातात, तेवढा.

९ फेब्रुवारी

पाठांतर पूर्ण झाले. संहिता हातातून सुटल्यावर पहिल्या अंकात तीन ठिकाणी प्रॉम्प्ट घ्यावा लागला, त्यांपैकी दोन ठिकाणी माझ्या वाक्याचा आधीच्या वाक्याशी संबंधच नाही. तिथे समोरच्याच्या शब्दाऐवजी त्याच्या हालचालीला वाक्य बांधले.

१७ फेब्रुवारी

घसा बसला आहे. दिग्दर्शकांनी आज मला केवळ हालचाली करायला सांगितल्या आणि माझी वाक्ये ताईंनी वाचली. १६७३ मध्ये याच तारखेला फ्रेंच नाटककार आणि नट मोलिएर याने आजारपणाच्या भ्रमात जगणाऱ्या माणसाची भूमिका करताना खोकल्याची उबळ सोसत प्रयोग पुरा केला आणि काही तासांतच त्याचा मृत्यू झाला. ही हकीकत नटमंडळींत मोठ्या आदराने सांगितली जाते, पण मला तो आदर्श तालमीसाठी तरी मान्य नाही. महिनाभरावर प्रयोग आहे आणि घशाला विश्रांती हीच आजची तालीम. बाहेरून आपली वाक्ये ऐकताना एक लाभ झाला. आत्याचे बोलणे मी हळूहळू वरच्या पट्टीत नेत चालले होते, हे मला आज कळले. ताईंनी ते खालच्या, सरळ स्वरात वाचले आणि ते अधिक बरे वाटले.

२३ फेब्रुवारी

गेल्या चार तालमींत फोनच्या प्रवेशाला कोणीही हसलेले नाही. आज प्रवेश संपल्यावर मी विंगेत जाऊन रडले.

शांत झाल्यावर कारणे शोधली. सहकाऱ्यांनी ते वाक्य चाळीस वेळा तरी ऐकले आहे, त्यामुळे त्यांचे न हसणे स्वाभाविक आहे. हे डोक्याला पटते, अंगाला पटत नाही. हसू येईनासे झाल्यापासून मी नकळत जोर वाढवत गेले. भुवया उंचावू लागले, ‘सुद्धा’वर ठोका देऊ लागले, वाक्यानंतर प्रेक्षागृहाकडे किंचित वळू लागले. म्हणजे १४ जानेवारीला जे ठरवले होते ते सगळे मी एकेक करून सोडले होते. प्रेक्षकाकडे हशा मागितला की तो आखडता हात घेतो, हे मी स्वतः प्रेक्षक म्हणून अनेकदा अनुभवले आहे.

दिग्दर्शकांनी उपाय सांगितला तो असा, की आज हा प्रवेश विनोदी नाटकाचा नाहीच असे धरून करायचा. पलीकडच्या गृहस्थांना खरे कळले तर भावाच्या घरावर जप्ती येणार आहे, कपाटातून त्याचा श्वास ऐकू येतो आहे आणि आत्याचे हात थरथरत आहेत. तसा केला. कोणी हसले नाही, पण या वेळची शांतता वेगळी होती. प्रकाशयोजना करणारा मुलगा तारा गुंडाळता गुंडाळता थांबून पाहत राहिला. दिग्दर्शक म्हणाले, ‘बस, आता याला हात लावू नका. यातला हशा प्रेक्षक आणतील.’

१ मार्च

निमंत्रितांसमोर तालीम झाली. चाळीस जण आले. ते सभागृहभर विखरून बसू लागले, तेव्हा मागच्या रांगांना दोरी लावून सगळ्यांना पुढच्या चार रांगांत एकत्र बसवण्याची विनंती केली. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळले होते की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीस पट इतरांच्या संगतीत हसतो. शेजारची खुर्ची रिकामी असलेला प्रेक्षक आपले हसू तपासून मगच बाहेर सोडतो; विनोदी नाटकाला रिकाम्या खुर्च्या फार महाग पडतात.

दोन गोष्टी शिकले.

पहिली माझ्या प्रवेशाबद्दल. मी विंगेतून आत आले आणि काही बोलण्याआधीच हशा झाला. गाव लहान आहे, समोरचे बहुतेक जण मला रोज भेटतात, आणि पिकलेले केस व चष्मा लावून वाकून चालणारी मी पाहताच त्यांना हसू आले. तो हशा आत्याला नव्हता, मला होता. अशा ओळखीच्या हशाने नटीला बरे वाटते, पण पात्र तिथेच मागे पडते, आणि पुढची दहा मिनिटे लोक पात्राऐवजी ओळखीची बाई शोधत राहतात. उपाय असा ठरला की आत्या आत येईल ती काहीतरी शोधत, प्रेक्षकांकडे तीन-चतुर्थांश पाठ करून, आणि पहिले वाक्य म्हणण्याआधी कपाटाचे कुलूप, खिडकी आणि टेबल या तिन्ही ठिकाणी जाऊन येईल. तिच्या कामात लोक गुंतले की मगच चेहरा दिसू द्यायचा.

दुसरी फोनच्या प्रवेशाबद्दल. ‘मीसुद्धा नाही’ला हशा आला, पण फुटता फुटता विरला. मला वाटले पुन्हा माझीच चूक. ताईंनी बाजूच्या खुर्चीवरून पाहिले होते. वाक्याच्या नेमक्या क्षणी कपाटाचे दार बोटभर हलले आणि अर्ध्या प्रेक्षकांची नजर तिकडे गेली. भावाची भूमिका करणारे सहकारी आतून प्रतिक्रिया देत होते, आणि अतिशय मनापासून देत होते. त्यांनी लगेच मान्य केले. आता दार हलते ते हशा उतरू लागल्यावर, आणि त्यामुळे पहिल्या हशाच्या पाठीवर दुसरा येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. विनोदी वाक्याच्या क्षणी रंगमंचावर बाकी काहीही हलता कामा नये, हा नियम आम्हाला सगळ्यांना पाठ होता. कपाटाच्या आतला माणूसही रंगमंचावरच असतो, हे मात्र कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

६ मार्च

चष्म्याच्या काचा काढून टाकल्या. दिव्यांचे प्रतिबिंब पडून डोळेच दिसत नव्हते, आणि त्या थांब्यात माझ्याकडे डोळ्यांशिवाय काही नाही.

९ मार्च

रंगीत तालीम. फोनच्या घंटीने त्रास दिला. मी रिसीव्हर उचलल्यावरही घंटी अर्धा क्षण वाजत राहिली. ध्वनी सांभाळणाऱ्याला माझा हात विंगेतून दिसत नाही. आता मी घंटी वाजत असताना उचलत नाही, दोन घंट्यांमधल्या शांततेत उचलते. म्हणजे त्याला थोडा उशीर झाला तरी चूक दिसत नाही. तिसऱ्या घंटीनंतर उचलायचे, हे दोघांनीही लिहून घेतले.

१४ मार्च

पहिला प्रयोग. सभागृह भरलेले होते. भरलेल्या सभागृहात आवाज रिकाम्या सभागृहासारखा घुमत नाही, माणसे आणि त्यांचे कपडे तो शोषून घेतात, म्हणून पहिल्या दोन वाक्यांत पट्टी न बदलता फक्त श्वासाचा आधार वाढवला.

आत येताना ओळखीचा हशा आला, पण खिडकीपर्यंत पोचेतो शमला. फोनच्या प्रवेशात ‘मी?’ म्हटले, हाताकडे पाहिले, परत रिसीव्हरकडे आले आणि ‘मीसुद्धा नाही’ म्हटले. क्षणभर काहीच नाही. मग मागून हशाला सुरुवात झाली आणि तो पुढे येत गेला. मी रिसीव्हर कानाला धरून, पलीकडच्या गृहस्थांना काय वाटले असेल या काळजीत उभी राहिले. हशा शिगेला पोचून उतरू लागला, दार हलले, पुन्हा उसळला. त्या वेळात मला काहीही करावे लागले नाही, आणि काहीही न करणे हेच दोन महिन्यांत मी शिकले होते.

दुसऱ्या अंकात माझ्या हातून चूक झाली. वहिनीच्या वाक्याला अनपेक्षित मोठा हशा आला, आणि तो पूर्ण ओसरण्याआधीच मी ‘किल्ली मी देवघरात ठेवली आहे’ हे वाक्य म्हणून टाकले. ते हशाखाली गेले. ते वाक्य विनोदी नाही, पेरलेले आहे. वीस मिनिटांनी भाऊ किल्लीसाठी सगळे घर पालथे घालतो तेव्हा प्रेक्षकांना ती कुठे आहे हे ठाऊक असावे लागते. आज त्यांना ते ठाऊक नव्हते, त्यामुळे तो सगळा प्रवेश फिका गेला आणि त्यात सहकाऱ्याचा काही दोष नव्हता. प्रयोगानंतर मी त्यांची माफी मागितली. हशा शिगेवरून उतरून बोलणे ऐकू येईल इतका खाली आला की वाक्य घ्यायचे, आणि वाक्य पेरणीचे असेल तर आणखी एक श्वास थांबायचे.

१५ मार्च

दुसरा प्रयोग. आजचे प्रेक्षक शांत होते, वयाने मोठे आणि लक्षपूर्वक पाहणारे. ‘मीसुद्धा नाही’ला कालच्या निम्माही हशा आला नाही. भुवया उंचावण्याचा मोह झाला. डोळे हातावरून रिसीव्हरवर आणून मी तो आवरला. किल्लीचे वाक्य सावकाश म्हटले, आणि वीस मिनिटांनी भाऊ उशा फाडू लागला तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक आजी ‘अरे, देवघरात आहे!’ असे स्पष्ट म्हणाल्या. नाटकातला सगळ्यात मोठा हशा आज त्याला आला, आणि भाऊ त्या आवाजाकडे न पाहता उशा फाडत राहिले, याबद्दल मला त्यांचा अभिमान वाटतो.

शेवटचे स्मित आज जमले असे ताई म्हणाल्या. काल दात दिसले होते.

शेजारच्या गावातून एप्रिलमधल्या प्रयोगाचे निमंत्रण आले आहे. तिथले सभागृह मोठे आहे आणि रंगमंचावर माइक टांगलेले असतात, म्हणून ताईंनी प्रॉम्प्टच्या प्रतीत ५ फेब्रुवारीच्या वाक्यापाशी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. तिथे गेल्यावर, लेखकांना शेवटच्या रांगेत बसवून, ‘मीही नाही’ पुन्हा एकदा म्हणून पाहणार आहे.